औषधदान : काल आणि आज
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले जातात. चारही श्रेष्ठच आहेत. परंतु औषधदानाचे वैशिष्ट्य असे की, त्यात उरलेली तिन्ही दाने सामावलेली असतात. बरा झालेला माणूस पुन्हा स्वतःच्या कष्टाचे अन्न खातो, त्याच्या मुलांची शाळा सुटत नाही आणि घरावर पसरलेली मृत्यूची भीती दूर होते. म्हणूनच ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करताना एका प्रश्नाचा विचार होणे उचित आहे. पन्नास वर्षांपूर्वी तारापूर-बोईसर परिसरातील सामान्य माणसाला औषधोपचार कितपत परवडत होते, आज कितपत परवडतात, आणि या बदललेल्या काळात औषधदानाचे स्वरूपही बदलावयास हवे की नाही?

व्यापारी समाजाला जमाखर्चाची भाषा अपरिचित नाही. त्याच भाषेत बोलावयाचे तर आजारपणाची चार खाती असतात. पहिले खाते डॉक्टर, औषधे आणि रुग्णालय यांचे. दुसरे प्रवासाचे. तिसरे रुग्णाच्या आणि त्याच्या सोबत्याच्या बुडालेल्या मजुरीचे. चौथे, या सर्वांसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाचे. पहिले खाते सर्वांना दिसते, त्यावर चर्चा होते, शासन योजना करते, दानशूर देणग्या देतात. उरलेली तीन खाती मात्र कोणत्याही वहीत लिहिली जात नाहीत. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास समजून घ्यावयाचा तर ही चारही खाती समोर ठेवावी लागतात.

मिक्श्चरच्या बाटलीचे दिवस

तारापूर हे मूळचे समुद्रकाठचे, किल्ल्याच्या आश्रयाने वसलेले गाव. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत हा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतला, ही इतिहासातील नोंद सर्वांस ठाऊक आहे. परंतु आधुनिक काळात गावाचे नाव देशभर पोहोचले ते अणुऊर्जा केंद्रामुळे. ऑक्टोबर १९६९ मध्ये येथील पहिल्या दोन संचांतून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. त्यामागोमाग बोईसरच्या बाजूला औद्योगिक वसाहत उभी राहिली. मासेमारी, वाडी आणि भातशेती यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली.

त्या काळी आजारी माणूस प्रथम जाई तो गावातल्या वैद्याकडे किंवा खाजगी डॉक्टरांकडे. पाड्यांवर भगताचा शब्द चाले आणि बाळंतपण सुईणीच्या हाती असे. डॉक्टरांकडे जाताना घरची रिकामी बाटली धुऊन न्यावयाची. कंपाउंडर त्यात मिक्श्चर भरी आणि बाटलीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. तपासणी, औषध आणि सुई यांचे मिळून एकच बिल असे आणि तेही पुष्कळदा उधारीवर. मासळीचा किंवा भाताचा हंगाम आला की हिशेब चुकता होई.

या दिवसांविषयी वडीलधारी मंडळी मोठ्या जिव्हाळ्याने बोलतात आणि तो जिव्हाळा खोटा नाही. डॉक्टर घरातील तीन पिढ्यांना नावाने ओळखीत असत. तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, त्या काळी उपचार स्वस्त होते याचे एक मोठे कारण उपचारच थोडे होते हे होय. हृदयाचा झटका आलेल्या माणसासाठी गावात करण्यासारखे फारसे काही नसे. अडलेल्या बाळंतिणीस रात्री-अपरात्री वाहन मिळणे हाच दैवयोग. सर्पदंशाच्या रुग्णास लस मिळेपर्यंत किती वेळ गेला यावर त्याचे आयुष्य अवलंबून असे. कुष्ठरोग्यास वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर, गोळ्या घ्याव्या लागत आणि समाजाचा तिरस्कारही तितकाच काळ सोसावा लागे. जे उपलब्धच नाही त्याचा खर्च येत नाही, एवढाच त्या स्वस्ताईचा अर्थ होता.

आणखी एक गोष्ट त्याच काळात सुरू झाली. अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत कर्मचाऱ्यांसाठी रुग्णालय झाले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने संघटित कामगाराला उपचारांचा हक्क दिला. ज्याची नोकरी कायम, त्याचा आजार मालकाच्या किंवा सरकारच्या खात्यावर पडू लागला. ज्याची नोकरी कंत्राटी, ज्याचे नाव हजेरीपटावर आज आहे आणि उद्या नाही, तो मात्र पूर्वीसारखाच स्वतःच्या खिशावर अवलंबून राहिला. एकाच परिसरात उपचारांच्या दोन रांगा निर्माण झाल्या. त्यांपैकी दुसरी रांग आजही संपलेली नाही.

औषधे स्वस्त कशी झाली

पहिल्या खात्यात जो खरा दिलासा मिळाला, त्याचे मूळ एका कायद्यात आहे. १९७० चा पेटंट कायदा एप्रिल १९७२ मध्ये अमलात आला. त्यानुसार औषधावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या पद्धतीवरच पेटंट देण्यात येऊ लागले. परिणामी भारतीय कारखानदारांना तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनविण्याचा मार्ग खुला झाला. त्याच सुमारास औषधांच्या किमतींवरील सरकारी नियंत्रणही अधिक व्यापक झाले. पुढील तीस वर्षांत भारत हा जगाला स्वस्त औषधे पुरविणारा देश बनला. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्य कंपन्यांच्या त्याच उपचारास तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. आफ्रिकेतील असंख्य रुग्णांच्या आयुष्याशी निगडित अशी ही घटना होती.

औषधांच्या या इतिहासात तारापूरचाही वाटा आहे. येथील औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखान्यांत औषधांचा मूळ कच्चा माल तयार होतो. ज्या गोळीने दूर देशीचा रुग्ण बरा होतो, तिचा अंश कदाचित बोईसरच्या एखाद्या पिंपातून गेलेला असतो. त्या पिंपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या घरी औषध वेळेवर पोहोचते का, हा प्रश्न मात्र विचारावाच लागतो.

जानेवारी २००५ पासून औषधांवरही पेटंट मिळू लागले, तरी जुनी औषधे स्वस्तच राहिली. २००८ साली जनऔषधी केंद्रांची सुरुवात झाली आणि २०२५ च्या प्रारंभी त्यांची देशातील संख्या १५,००० वर पोहोचली. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत सुमारे २९,६०० रुपये ठरविण्यात आली. तत्पूर्वी त्यासाठी लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत. बाजारभाव कोण ठरवितो, यावर कोणाचा जीव वाचतो हे अवलंबून असते, हे यावरून लक्षात यावे.

मुंबईची वाट

मोठा आजार म्हटला की या पट्ट्यातील माणूस पूर्वीपासून मुंबईची गाडी धरतो. त्या वाटेवरील रुग्णालयांचा इतिहास दानधर्माचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखा आहे. सर जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभे राहिले. नायर रुग्णालयामागे डॉ. नायर यांचे दातृत्व होते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयासाठी शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या संपत्तीतून देणगी मिळाली, ती एका अटीवर : तेथील अध्यापक भारतीयच असावेत. परकीय राजवटीच्या काळात घातलेल्या त्या अटीमुळे भारतीय डॉक्टरांच्या पिढ्या घडल्या. देणगीच्या रकमेहून त्या अटीचे मोल अधिक ठरले.

टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ साली टाटा ट्रस्टच्या दानातून सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तारापूरच्या वीजकेंद्राचा आणि परळच्या कर्करोग रुग्णालयाचा विभाग एकच, ही गोष्ट या परिसरातील पुष्कळांना ठाऊक नसते.

बोईसर ते मुंबई हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली. त्यापूर्वी ठराविक गाड्यांवर भिस्त ठेवावी लागे आणि अनेकांना विरारला गाडी बदलावी लागे. लोकलचा विस्तार ही रेल्वेच्या कागदपत्रांत वाहतुकीची सुधारणा असेल. या पट्ट्यातील रुग्णांच्या दृष्टीने ती आरोग्यसेवेचीच सुधारणा होती. उत्तरेकडील गावांतील अनेक रुग्ण आजही सिल्वासा आणि वलसाड गाठतात, कारण त्यांना तेच जवळ पडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि जिल्हा झाला म्हणून जिल्हा रुग्णालय लगोलग उभे राहिले नाही. त्यासाठी जनतेला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

योजनांचा काळ

शासनाच्या बाजूने गेल्या पंधरा वर्षांत जे घडले, ते नाकारता येणार नाही. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे, साडेनऊशेहून अधिक प्रकारचे उपचार त्यातून मोफत मिळू लागले. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. जुलै २०२३ च्या निर्णयानुसार राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले. १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व जिल्हा रुग्णालय अशा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, आयुष्मान योजनेचे कार्ड मिळू लागले. हा शेवटचा लाभ येथे बसलेल्या अनेक ज्येष्ठांनाही लागू आहे.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत नमूद आहे. पहिले खाते हलके झाले, याचा हा पुरावा होय.

उरलेली तीन खाती

मग अडचण कोठे आहे? औद्योगिक वसाहतीतील एखादा कंत्राटी कामगार डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या पत्नीच्या गळ्याला गाठ आली आहे. स्थानिक डॉक्टरांनी मुंबईस जाण्याचा सल्ला दिला आहे. तो पहाटेची गाडी धरतो, प्रभादेवीस उतरतो, रांगेत उभा राहतो. पहिल्या दिवशी नोंदणी होते. दुसऱ्या फेरीस तपासणी. अहवालासाठी आठवड्याने बोलावले जाते. तिकिटाचे पैसे फार नाहीत. पण प्रत्येक फेरीस दोघांची मजुरी बुडते, मुले शेजारी ठेवावी लागतात आणि मुकादम दुसऱ्या माणसाला कामावर घेतो. मोफत उपचारांसाठी केलेल्या या फेऱ्यांचे पैसे सावकाराकडून येतात. असा माणूस तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीस जात नाही. गाठ मात्र वाढत राहते.

क्षयरोगाचीही हीच कथा. औषध सरकारकडून मोफत मिळते. परंतु थोडे बरे वाटताच माणूस कामावर परततो, गोळ्या सुटतात आणि रोग अधिक चिवट होऊन परत येतो.

अडचणीचे दुसरे नाव कागद. आधारकार्डावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. सुनेचे नाव अद्याप माहेरच्या शिधापत्रिकेत. परप्रांतातून आलेल्या कामगाराकडे महाराष्ट्राची शिधापत्रिकाच नाही. त्याच्या गावी काढलेले आयुष्मान कार्ड येथील संलग्न रुग्णालयातही चालते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. योजनेच्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, हे रुग्णाला बिल भरून झाल्यावर कळते. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केली. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा योग्य शिधापत्रिका लागते. ती हाताशी नसेल तर हक्क असूनही माणूस पूर्ण बिल भरतो.

शिवाय या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत. रक्तदाब आणि मधुमेह यांच्या गोळ्या दरमहा, आयुष्यभर घ्याव्या लागतात. सरकारी केंद्रात त्या मिळतात. परंतु तेथे जाण्यासाठी दिवस मोडावा लागतो म्हणून पुष्कळ जण दुकानातून घेतात आणि महिनाअखेरीस हात आखडला की बंद करतात. त्या वाचविलेल्या पैशांची वसुली पुढे पक्षाघात करतो.

कापड कितीही उत्तम असले तरी ते अंगावर येण्यासाठी शिंपी लागतो. योजना कितीही उत्तम असली तरी ती रुग्णापर्यंत पोहोचविणारा माणूस लागतो. आज उणीव आहे ती या माणसाची.

नव्या औषधदानाची दिशा

समाजाने आजवर पुष्कळ केले आहे. वैद्यकीय शिबिरे, रक्तदान, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांना साहाय्य यांची परंपरा जैन संस्थांत सर्वत्र दिसते. १९७५ साली जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने जयपूर फूट विनामूल्य देऊन लाखो अपंगांना पायांवर उभे केले, हा तर अभिमानाचा विषय आहे. तथापि सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी आत्मपरीक्षणही झाले पाहिजे. वर्षातून एकदा शिबिर भरते, शेकडो जणांचा रक्तदाब तपासला जातो, आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात, छायाचित्रे निघतात. नवव्या दिवशी त्या रुग्णाचे काय होते, याची नोंद कोणत्या संस्थेकडे असते? फलकावर दात्याचे नाव कोरले जाते. रुग्णाचे नाव मात्र वहीत उरत नाही.

म्हणून या प्रसंगी काही सूचना विश्वस्तांपुढे नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात.

पहिली, आठवड्यातून एक दिवस रुग्ण मार्गदर्शन केंद्र चालवावे. शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि आयुष्मान कार्ड ही कागदपत्रे माणूस निरोगी असतानाच नीट करून द्यावीत. समाजातील महाविद्यालयीन तरुण-तरुणी हे काम उत्तम रीतीने करू शकतील.

दुसरी, मुंबईस प्रथमच जाणाऱ्या रुग्णासोबत पहिल्या दिवशी एक जाणकार सोबती पाठवावा आणि गरजूंना प्रत्येक फेरीस प्रवासखर्च व एका माणसाची बुडालेली मजुरी द्यावी. मुक्कामाची वेळ आल्यास दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणांची माहिती त्याच्या हाती असावी.

तिसरी, रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांची वही ठेवून त्यांना जेनेरिक औषधे दरमहा वेळेवर मिळतील अशी व्यवस्था करावी. शिबिर वर्षातून एकच भरले तरी चालेल, पण वही बारा महिने उघडी असावी.

चौथी, चाकाची खुर्ची, वॉकर, पाण्याची गादी, प्राणवायूचे यंत्र अशी साधने अल्प अनामतीवर वापरावयास द्यावीत व परत घ्यावीत.

पाचवी, यांतील कोणत्याही साहाय्यासाठी जात, धर्म वा प्रांत विचारू नये. अनुकंपेला शिधापत्रिका लागत नाही.

या सर्वांना मोठी इमारत लागत नाही. एक खोली, एक दूरध्वनी, दोन वह्या आणि वेळ देणारी दहा माणसे एवढे पुरेसे आहे. यात देणगीपेक्षा कठीण गोष्ट मागितली आहे, हे खरे. पैसा देणे व्यापारी माणसाला तुलनेने सोपे जाते. दुकान बंद ठेवून परळच्या रांगेत परक्या माणसासोबत उभे राहणे कठीण जाते. परंतु आजारी साधूंच्या सेवेला, वैयावृत्त्याला, जैन परंपरेने दानात नव्हे तर तपात स्थान दिले आहे, यामागील मर्म हेच असावे. दानात वस्तू द्यावी लागते, तपात स्वतःला द्यावे लागते.

पन्नास वर्षांपूर्वी रिकामी बाटली घेऊन येणाऱ्या रुग्णाला औषध हवे होते. आज औषध पुष्कळ आहे आणि त्याचा दरही पुष्कळदा शासन भरते. त्याला हवा आहे तो कागद वाचून दाखविणारा, चौथ्या फेरीची तारीख लक्षात ठेवणारा आणि पहाटेच्या गाडीला सोबत येणारा माणूस. पुढील पन्नास वर्षांत ट्रस्टच्या वहीत अशा फेऱ्यांची नोंद होत राहो, एवढी प्रार्थना करून हे विवेचन पूर्ण करण्यात येते.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमायाचना.

जय जिनेंद्र.